स्काऊटमास्तर : पथकामागचा माणूस

प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले-मुली शिस्तीत चालत जातात, तेव्हा पाहणाऱ्यांच्या नजरा साहजिकच त्यांच्यावर खिळतात. त्या रांगेच्या कडेला, जवळजवळ तसाच गणवेश घालून चालणाऱ्या पोक्त माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वर्षभर दर आठवड्याला संध्याकाळचे दोन तास, सुट्टीतले काही दिवस आणि प्रसंगी खिशातले चार पैसे खर्चून हे पथक उभे ठेवणारा हाच तो माणूस. मुलांच्या पथकात त्याला स्काऊटमास्तर म्हणतात, मुलींच्या पथकात गाईड कॅप्टन. या कामाला पगार नसतो. मात्र हा माणूस नसेल तर स्काऊटिंगमध्ये गणवेशाखेरीज फारसे काही उरत नाही.

प्रारंभ

लेफ्टनंट जनरल रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राऊनसी बेटावर सुमारे २० मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. मुले निरनिराळ्या सामाजिक थरांतील होती. त्यांचे चार गट पाडून प्रत्येक गटाची जबाबदारी त्यातल्याच एका मोठ्या मुलावर सोपवण्यात आली. पुढे जगभर रुजलेल्या पद्धतीचे बीज याच विभागणीत होते. १९०८ मध्ये त्यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ प्रसिद्ध झाले आणि ते वाचून ठिकठिकाणी मुलांनी आपण होऊन गट स्थापन केले. गट झाले, पण त्यांना सांभाळणारी मोठी माणसे कोठून आणायची, हा प्रश्न तेव्हापासूनच या चळवळीपुढे उभा आहे.

त्यावर शोधलेले उत्तर म्हणजे प्रौढांचे रीतसर प्रशिक्षण. लंडनच्या सीमेवरील गिलवेल पार्क ही जागा १९१९ मध्ये चळवळीला मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथे स्काऊटमास्तरांचा पहिला ‘वूड बॅज’ अभ्यासक्रम झाला. अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी देण्याची प्रथा तेथे पडली. आजही कोणत्याही देशातील प्रशिक्षित स्काऊटर या मण्यांवरून ओळखता येतो.

भारतातील वाटचाल

भारतात १९०९ मध्ये स्काऊटिंग आले, ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. या भेदाला उत्तर म्हणून डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रास येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. उत्तर भारतात पं. मदनमोहन मालवीय, पं. हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या आश्रयाने स्काऊटिंग वाढवले. तंबू, गाठी आणि शेकोटी यांबरोबरच यात्रेकरूंची सेवा, प्रथमोपचार आणि गर्दीचे नियोजन ही कामे भारतीय पथकांच्या अंगवळणी पडली, ती याच परंपरेतून.

स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ची स्थापना झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड चळवळही तिच्यात सामील झाली. मुले आणि मुली दोघांसाठी काम करणारी ही संस्था आहे. ७ नोव्हेंबर हा दिवस दरवर्षी ध्वजदिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राचा या चळवळीशी संबंध केवळ शाळांपुरता नाही. गाईड चळवळीचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र १९६६ मध्ये पुण्यातच सुरू झाले.

पथकाची घडण

प्राथमिक शाळेच्या वयाची मुले कब आणि मुली बुलबुल म्हणवल्या जातात. साधारण दहा ते सतरा वर्षांपर्यंत स्काऊट व गाईड आणि त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर व रेंजर. प्रत्येक विभागासाठी वेगळा प्रौढ नेता असतो, कारण आठ वर्षांच्या मुलाला लागणारी गोष्ट आणि पंधरा वर्षांच्या मुलाला लागणारे आव्हान यांत मोठे अंतर आहे. कबांचे सारे जग किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर बेतलेले असते. त्यांचा नेता त्यांना ‘अकेला’ म्हणूनच ठाऊक असतो.

स्काऊट पथकाचा मूळ घटक म्हणजे सहा ते आठ जणांचा संघ. प्रत्येक संघाला मुलांमधलाच एक संघनायक. असे तीन-चार संघ मिळून पथक होते. पथकात ३२ पेक्षा अधिक मुले नसावीत, या संकेतामागचा बेडन-पॉवेल यांचा हिशेब मोठा गमतीदार आहे. आपण स्वतः फार तर सोळा मुलांकडे नीट लक्ष देऊ शकतो, इतरांची कुवत आपल्या दुप्पट असेल असे धरून ३२, असे त्यांचे म्हणणे होते. थट्टेचा भाग सोडला तरी मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्या मुलाचे नाव, घर आणि स्वभाव मास्तरांना ठाऊक नाही, त्याचे स्काऊटिंग झाले असे म्हणता येत नाही.

पथकाची सभा साधारणतः आठवड्यातून एकदा होते. ध्वजवंदन, प्रार्थना, तपासणी, एखादा खेळ, नवे कौशल्य, संघांच्या स्पर्धा आणि शेवटी ध्वजावतरण असा तिचा क्रम असतो. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी, होकायंत्र व नकाशावाचन, माग काढणे, प्रथमोपचार, चूल मांडून स्वयंपाक अशा विषयांतून मूल प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार या पायऱ्या चढते. ‘खरी कमाई’ या उपक्रमात मुले श्रमाची कामे करून पैसे मिळवतात. बूटपॉलिश करून किंवा अंगण झाडून हाती आलेल्या दहा रुपयांचे मोल त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

मागे उभे राहण्याची कला

हे सारे शिकवणे तुलनेने सोपे आहे. अवघड आहे ते न शिकवणे. शाळेत शिक्षक पुढे उभा राहतो आणि मुले ऐकतात. पथकात मास्तरांनी शिकवायचे ते मुख्यतः संघनायकांना, आणि संघनायकांनी आपापल्या संघाला. मास्तर हा शिक्षकही नव्हे आणि लष्करी अधिकारीही नव्हे, तो थोरल्या भावासारखा असावा, अशी बेडन-पॉवेल यांची धारणा होती.

शिबिरातील एका स्वयंपाकाचे उदाहरण घेतले तरी हा फरक ध्यानात येतो. लाकडे ओली निघतात, धूर होतो, भात खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. बाजूला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचा हात आपसूक पळीकडे जातो. त्याने पळी घेतली तर जेवण वेळेवर होईल, पण संघनायकाचा अधिकार त्याच क्षणी संपेल. चांगला मास्तर पळीला हात लावत नाही. तो संघाबरोबर बसून तोच करपलेला भात खातो आणि रात्री संघनायकाला एकट्याला एवढेच विचारतो, की उद्या काय वेगळे करशील? दुसऱ्या दिवशी कोरडी लाकडे सकाळीच गोळा होतात. कोणी आज्ञा केलेली नसते.

पथकाचे निर्णय घेण्यासाठी संघनायकांची स्वतंत्र सभा असते. तिला ‘कोर्ट ऑफ ऑनर’ म्हणतात. सहल कोठे न्यावी, निधी कशावर खर्च करावा, नियम मोडणाऱ्या सोबत्याचे काय करावे, याचा विचार मुलेच करतात. मास्तर सल्ला देतो, क्वचित नकाराधिकारही वापरतो. परंतु दर वेळी तो वापरला गेला, तर ती सभा नाटक ठरते आणि मुलांना ते लगेच कळते.

जेथे मागे हटायचे नाही

भात करपू देणे आणि मुलाचा जीव धोक्यात घालणे यांतली सीमारेषा ओळखणे हा या कामाचा दुसरा, अधिक गंभीर भाग आहे. विस्तव, पाणी, उंच कडे आणि रस्ता यांच्या बाबतीत निर्णय मोठ्यांचाच असला पाहिजे. शिबिरापूर्वी जागा स्वतः पाहून येणे, पालकांची लेखी संमती घेणे, कोणाला दमा आहे, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे याची नोंद ठेवणे, जवळच्या दवाखान्याचा रस्ता माहीत असणे, पाण्यात उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर मुले मोजणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाहीत.

मुलांच्या सुरक्षिततेला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी ही चळवळ फार काळ मौन बाळगून होती. अमेरिकेतील बॉय स्काऊट्स या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तो लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे. त्या प्रक्रियेत ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. ज्यांनी विश्वासाने मुले सोपवली, त्यांचाच विश्वासघात झाला होता. जागतिक स्काऊट संघटनेने आज बालसुरक्षेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आहे. भारतात २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा आहे. त्यानुसार असा गुन्हा घडल्याचे कळूनही तो न कळवणे हादेखील अपराध ठरतो.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. कोणत्याही प्रौढाने एखाद्या मुलाबरोबर बंद दाराआड एकटे राहू नये. शिबिरात निदान दोन जबाबदार प्रौढ असावेत, मुलींच्या पथकाबरोबर स्त्रीनेता असावी, मोठ्यांची झोपण्याची व्यवस्था वेगळी असावी. मुलाशी फोनवरचा संवाद पालकांना ठाऊक असावा. हे नियम प्रामाणिक माणसाला अपमानकारक वाटण्याचे कारण नाही. ते मुलाचे रक्षण करतात आणि निर्दोष मास्तराचेही. ‘आमचे सर तसे नाहीत’ एवढ्यावर विसंबणारे पथक सुरक्षित नसते.

प्रशिक्षणाचा मार्ग

नव्या स्वयंसेवकाने पूर्वी स्काऊट असलेच पाहिजे, असे नाही. प्राथमिक ओळख झाल्यावर त्याला ‘बेसिक’ अभ्यासक्रम करावा लागतो, काही काळ पथक चालवल्यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स’ आणि त्यापुढे ‘हिमालय वूड बॅज’. ही निवासी शिबिरे असतात. तेथे बँकेतला अधिकारी, प्राथमिक शिक्षिका आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी एकाच संघात येतात, एकाच तंबूत किंवा शेजारच्या तंबूत राहतात, भांडी घासतात आणि संघनायकाच्या आज्ञा पाळतात. मुलांना जे अनुभवायचे आहे, ते आधी मोठ्यांनी अनुभवावे, हे यामागचे सूत्र. मध्य प्रदेशातील पचमढी येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पुढे प्रशिक्षक होणाऱ्यांच्या मण्यांची संख्या वाढते : साहाय्यक लीडर ट्रेनरला तीन, लीडर ट्रेनरला चार.

नेमलेला आणि आलेला

आपल्याकडे बहुतेक पथके शाळांना जोडलेली आहेत. त्यामुळे स्काऊटमास्तर हा बहुधा शिक्षकच असतो, आणि पुष्कळदा तो स्वतः पुढे आलेला नसून नेमलेला असतो. तासिका, परीक्षा, जनगणना व निवडणुकीची कामे यांच्या जोडीला आणखी एक नोंदवही त्याच्या हाती येते. अशा पथकांत मनापासून काम करणारे शिक्षक पुष्कळ आहेत. ज्यांनी दोन-तीन पिढ्या घडवल्या, तेही बहुतांशी शिक्षकच होते. पण केवळ आदेशाने चालणारे पथक वर्षातून दोन-तीन वेळा, ध्वजवंदनापुरते जागे होते. प्रमाणपत्रांचे आकर्षणही असते. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडसाठी कोटा आहे, त्यामुळे राष्ट्रपती पुरस्काराला व्यावहारिक मोल आहे. ते गैर नाही. मात्र प्रमाणपत्रासाठी नोंदवही भरायची आणि गाठ मात्र बांधता येत नाही, असे झाले की मूल पहिला धडा लबाडीचा शिकते. स्काऊटच्या नऊ नियमांपैकी पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे.

याला पर्याय म्हणजे शाळेबाहेरची खुली पथके. वस्तीतील मुले एकत्र येतात आणि नेता कोणत्याही व्यवसायातला असू शकतो. शहरात अशा पथकांसमोर अडचणी आहेत. मैदाने कमी झाली आहेत, मुलांच्या संध्याकाळी शिकवणीत जातात आणि नोकरदाराला घरी पोचायलाच आठ वाजतात. तरीही एका माणसाने पथक चालवावे, हा समजच मुळात चुकीचा आहे. दोन-तीन साहाय्यक असतील, एक हिशेब पाहील, एक सहलीचे नियोजन करील, प्रथमोपचारापुरता एखादा डॉक्टर महिन्यातून एकदा येईल, तर भार वाटला जातो. इच्छुकाने जिल्हा स्काऊट-गाईड कार्यालयाशी संपर्क साधावा आणि एकदम पथक काढण्याऐवजी आधी चालू पथकात सहा महिने साहाय्यक म्हणून काम करावे, हे उत्तम. या काळात आपल्याला मुलांची संगत आवडते, की मुलांनी आपले ऐकलेले आवडते, हे ज्याचे त्याला कळून येते. पथकाला पहिल्या प्रकारच्या माणसाची गरज असते.

या कामाचे यश मोजण्याचे माप थोडे उलटे आहे. मास्तर सभेला उशिरा पोचला आणि ध्वज चढलेला, संघ कामाला लागलेले, नव्या मुलाला कोणीतरी गाठ शिकवत असलेले त्याला दिसले, तर वर्ष सार्थकी लागले असे समजावे. त्याच्यावाचून काही अडले नाही, याचे त्याला वाईट वाटता कामा नये. त्यासाठीच तो इतकी वर्षे येत होता.