फाळापासून लायनरपर्यंत : विंचूर परिसरातील शेतीच्या औजारांची डागडुजी

निफाड आणि येवला यांच्या दरम्यान, नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले विंचूर मराठ्यांच्या इतिहासात विठ्ठल शिवदेव या सरदारामुळे पोहोचले आणि मूळचे दाणी असलेले त्यांचे घराणे जहागिरीच्या या गावावरूनच विंचूरकर म्हणून ओळखले जाऊ लागले. गढी, जहागीर आणि पानिपतची मोहीम यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. याच शिवारात नांगराचा फाळ, इंजिनाचा पिस्टन आणि ट्रॅक्टरचा क्लच कोणी, कशाच्या मोबदल्यात आणि कोणत्या महिन्यात नीट केला, याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. आज द्राक्षबागेतील जुन्या छोट्या ट्रॅक्टरपुढे उभा राहणारा प्रश्न, म्हणजे झिजलेला भाग दुरुस्त करून चालवावा की नवा बसवावा, हा वरवर पाहता कारागिराच्या कसबाचा प्रश्न वाटतो. परंतु शेतकऱ्याला असा प्रश्न पडण्याची वेळ फार उशिरा आली आणि ती येण्यासाठी गावगाड्याची मोडतोड, बिडाचे ओतकाम आणि द्राक्षाचे पीक या तीन गोष्टी घडाव्या लागल्या.

बलुतेदारीच्या काळात, म्हणजे गावातील कारागीर वर्षभराच्या कामाबद्दल खळ्यावर धान्याचा ठरावीक वाटा घेत असत त्या व्यवस्थेत, औजारांची दुरुस्ती ही वेगळी विकत घेण्याची वस्तू नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे केलेले विवेचन महाराष्ट्रातील गावरचनेच्या अभ्यासात अजूनही मूलभूत मानले जाते. सामान्यतः लोखंड आणि लाकूड कुणब्याचे व मेहनत लोहार-सुताराची अशी वाटणी असे, आणि फाळ वर्षातून एकदा भात्यावर गेला काय किंवा चार वेळा गेला काय, बलुत्याच्या मापात सहसा फरक पडत नसे. अशा स्थितीत दुरुस्तीचा जादा खर्च शून्य आणि नव्या लोखंडाचा खर्च रोख, त्यामुळे औजार झिजून संपेपर्यंत ते घडवून घडवून वापरणे हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग होता. झिजलेल्या फाळाचे लोखंड पुढे खुरप्याला किंवा विळ्याला उपयोगी पडे. या काटकसरीला पुढच्या पिढ्यांनी नैतिक गुण मानले. वास्तविक ती त्या व्यवस्थेच्या हिशेबातून सरळ निघणारी गोष्ट होती, आणि त्या हिशेबात लोहाराच्या श्रमाची किंमत लागत नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

या व्यवस्थेला पहिला छेद लोखंडी नांगराने दिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात नांगर बनवण्यास सुरुवात केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. लोखंडामुळे जमीन नासते या समजुतीमुळे सुरुवातीला हा नांगर खपत नव्हता, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली बाब अशी, की या नांगराचे काही भाग बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचे होते. बीड ठिसूळ असते, ते भात्यावर तापवून ठोकता येत नाही, ठोकल्यास तडकते. त्यामुळे असा भाग मोडला की गावच्या लोहाराची विद्या तेथे थांबे आणि कारखान्यातून त्याच मापाचा दुसरा भाग मागवावा लागे. सुटा भाग, ज्याला पुढे सर्वत्र ‘स्पेअर’ म्हटले जाऊ लागले, तो अशा रीतीने शेतीत शिरला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची आणि किर्लोस्करांची तेलावर चालणारी इंजिने विहिरींवर बसू लागली व मोट हळूहळू मागे पडली, तेव्हा इंजिन उघडून बसवणारा मिस्त्री हा नवा कारागीर खेड्यात दिसू लागला. तो बलुतेदार नव्हता. तो कामाचे पैसे घेई. दुरुस्तीला रोख किंमत आल्याबरोबर ती नव्या भागाच्या किमतीशी ताडून पाहता येऊ लागली, आणि दुरुस्ती की बदल या प्रश्नाचा खरा जन्म येथे झाला.

ट्रॅक्टरचा काळ त्यानंतरचा. भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ च्या सुमारास फरिदाबादला आयशर कंपनीने सुरू केले. १९६३ मध्ये महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीचा ‘बी-२७५’ महाराष्ट्रात खूप चालला. सत्तरच्या दशकात खुद्द नाशिकमध्ये किर्लोस्कर समूहाने जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवले, परंतु तो उद्योग फार काळ टिकला नाही. यंत्र धडधाकट असूनही त्याचे भाग बनवणारा कारखाना उरत नाही, अशा वेळी मालकाला पाना घेऊन लेथवाल्याचे दार ठोठावावे लागते. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरता ठेवून त्याला हव्या मापाला कातणारे यंत्र. जुन्या यंत्राचे आयुष्य त्याच्या लोखंडापेक्षा त्याच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर ठरते, आणि खरेदीच्या वेळी चेन्नई, लुधियाना किंवा राजकोटचा माल जवळच्या बाजारात मिळतो का, हे विचारण्याची रीत अशाच अनुभवांतून पक्की होते.

द्राक्षाने या प्रश्नाला निराळेच वळण दिले. नाशिक जिल्ह्यातील पहिली द्राक्षबाग १९२५ साली ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी लावल्याचे सांगितले जाते. पुढे थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाने निफाड, दिंडोरी आणि चांदवड या तालुक्यांचे अर्थकारण बदलले आणि २००१ च्या राज्य धोरणानंतर विंचूर येथे वाइन पार्कही उभारले गेले. वेली सहा-सात फूट उंचीच्या तारांच्या मांडवावर किंवा ‘वाय’ आकाराच्या आधारावर पसरवल्या जातात आणि दोन ओळींमध्ये आठ ते दहा फुटांचे अंतर असते, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर तेथे वळताना खोड सोलतो व काड्या मोडतो. या अडचणीवर बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानी सहकार्याने बनवलेला साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा ‘मित्सुबिशी शक्ती’, आणि पुढे महिंद्रचा पंधरा अश्वशक्तीचा ‘युवराज’ व राजकोट भागातील छोटे ट्रॅक्टर उपयोगी पडले. इंटरनॅशनल हार्वेस्टरनेच १९६१ मध्ये अमेरिकेत ‘कब कॅडेट’ नावाचा बागेचा ट्रॅक्टर बाजारात आणला होता, पण तो शहराबाहेरच्या बंगल्यांची हिरवळ कापण्यासाठी होता; तो आठवडाभर बंद राहिला तर गवत दोन बोटे वाढे, इतकेच. निफाडच्या बागेत आठवडा बंद राहिलेला ट्रॅक्टर वर्षाचे पीक घालवू शकतो.

हे समजण्यासाठी द्राक्षाचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे लागते. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यामुळे पुढच्या फळासाठी काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यानंतर घड येतात. गोडी छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस किंवा दव पडले की केवडा म्हणजे डाऊनी हा बुरशीजन्य रोग झपाट्याने पसरतो, आणि तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाची शक्ती मागील औजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणाऱ्या ब्लोअरने वेळेवर फवारणी होणे अपरिहार्य असते. म्हणूनच या भागात इंजिन उघडण्याचे काम शक्यतो खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात उरकले जाते, आणि ऑक्टोबरात बिघाड झालाच तर तयार भाग आणून बसवला जातो, मग त्याची किंमत दुरुस्तीच्या दुप्पट का असेना. तोच क्लच मे महिन्यात नवी पट्टी मारून चालतो आणि ऑक्टोबरात सबंध संच बदलून घेतला जातो. मालक बेहिशेबी असल्याचे हे लक्षण नव्हे. हिशेबात वेळ धरली की उत्तर बदलते.

बागेतील ट्रॅक्टर झिजतो तोही आपल्या पद्धतीने. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण, ज्याचा उपयोग फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात केवडा आवरण्यासाठी सुरू झाला, पत्रा, बोल्ट आणि वायरिंगची जोडणी खाते. फवाऱ्याचे तुषार व धूळ मिळून रेडिएटरच्या जाळीवर थर बसतो आणि इंजिन तापते. एअर क्लीनरमधील तेल वेळेवर बदलले नाही तर काळ्या मातीची बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. निळसर धूर, इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी वाफ आणि वारंवार घालावे लागणारे तेल ही पिस्टन-रिंग घासल्याची चिन्हे मानली जातात. येथे यंत्राची घडण निर्णायक ठरते. ज्या इंजिनात लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते नळकांडे, सुटे असते, तेथे लायनर-पिस्टन-रिंगचा संच एका दिवसात बदलता येतो आणि दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. जेथे नळकांडे ठोकळ्यातच कोरलेले असते, तेथे ते कातून किंचित मोठे करावे लागते व तेवढाच मोठा पिस्टन बसवावा लागतो. अशी संधी दोन-तीनदाच मिळते. क्रँकचेही तसेच : तो घासून पाव-पाव मिलिमीटरने बारीक करता येतो आणि त्या मापाचे बेअरिंग बाजारात मिळते, पण त्याचा कठीण थर संपला की तो फिरणारा दांडा मधल्या हंगामात दगा देतो. स्टीलचा शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर मापात आणणे हे मान्यताप्राप्त काम. हायड्रॉलिक पंप किंवा डिझेल पंपाच्या आतल्या काही सूक्ष्म मापांच्या भागांवर मात्र अशी हातचलाखी चालत नाही. बिडाचा गिअरबॉक्स तडकला तर तो तापवून पितळी रसाने किंवा निकेलच्या काडीने जोडणारे कारागीर सापडतात, मात्र भार घेणाऱ्या जागी असा सांधा टिकवणे अवघड असते.

हे सगळे करणारी हातची विद्या तालुक्यात साठली, याची कारणे अनेक आहेत. १९६४ मध्ये निफाड तालुक्यातील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना सुरू झाला, नाशिकमधील सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी मोजमापाचे काटेकोर काम रूढ केले, आणि सहकारी साखर कारखान्यांनी जड यंत्रांशी परिचय वाढवला. उलट दिशेचा जोरही होता : दीर्घ मुदतीच्या शेती कर्जाची रचना मुख्यतः नव्या यंत्राच्या खरेदीसाठी असल्याने, इंजिनाच्या पूर्ण कामाचा खर्च उचलण्यास अनेकांना कांद्याचे किंवा द्राक्षाचे पैसे येईपर्यंत थांबावे लागे, तर नवा ट्रॅक्टर हप्त्यावर मिळे. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले असले तरी छोटे ट्रॅक्टर त्यांतून बाहेर राहिल्याने त्यांचे डिझेल पंप अजून बव्हंशी यांत्रिकच आहेत आणि गावठाणातील मिस्त्रीच्या हाताला ते ओळखू येतात.

दुरुस्ती आणि नवा भाग यांच्यामध्ये तिसरा मार्गही रूढ झाला आहे, तो म्हणजे भंगारात निघालेल्या त्याच जातीच्या ट्रॅक्टरमधून चांगल्या स्थितीतील भाग काढून घेणे. गिअरबॉक्सचे कवच, मागचा धुरा, लिफ्टचे हात यांसारखे जे भाग फारसे झिजत नाहीत पण नवे घेतल्यास महाग पडतात, त्यांच्यासाठी हा मार्ग सोयीचा ठरतो. बेअरिंग, सील, रिंग आणि क्लच प्लेट मात्र जुने घेऊ नये, असा मिस्त्रींचा दंडक आहे. ज्या मॉडेलचे ट्रॅक्टर परिसरात जास्त खपले, त्याच मॉडेलचे भंगारही जास्त निघते, म्हणून वीस वर्षांपूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कोणता ट्रॅक्टर घेतला यावर आज एखाद्या बागेतील यंत्र किती वर्षे चालेल हे बऱ्याच अंशी ठरत असते.