धूळ, पंखा आणि दुरुस्ती



माणसाने पहिले हत्यार घासून धारदार केले, त्याच दिवशी धूळही त्याच्या छातीत शिरू लागली. हत्यारांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. धुळीचा इतिहास मात्र कारखान्याच्या कोपऱ्यातच पडून राहतो. आजच्या व्याख्यानाचे निमित्त अगदी लहान आहे. सुतारकामाच्या कारखान्यात छताला हवा गाळणारी एक पेटी टांगलेली असते. तिचा पंखा शाबूत, गाळण्या शाबूत. पण आतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बिघडते आणि सगळी पेटी निरुपयोगी ठरते. एवढ्याशा बिघाडावर तासभर काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. परंतु या बिघाडामागे तीनशे वर्षांची हकीकत आहे.

१७०० साली इटलीतील मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाथरवट, दळणारे, पिंजारी अशा एकेका धंद्याचे रोग त्याने वेगळे मांडले आणि वैद्यांना एक साधी शिकवण दिली : रोग्याला त्याचा धंदा विचारा. धूळ हा नशिबाचा भाग नसून कामाचा परिणाम आहे, हा विचार या प्रश्नातच दडलेला होता.

त्याचे खरे दारुण दर्शन घडले ते इंग्लंडातील शेफील्ड शहरी. चाकू, कात्र्या, जेवणाचे काटे यांना वालुकाश्माच्या साणेवर धार देणे हा तेथील मोठा धंदा. पूर्वी हे काम नदीकाठी, जलचक्रावर, पाणी असेल तेवढेच चाले. वाफेचे इंजिन आले, काम बंद खोल्यांत शिरले आणि वर्षभर चालू लागले. काटे घासणारे तर कोरड्या साणेवर काम करीत. डॉक्टर नाइट यांच्या निरीक्षणाचा आधार घेऊन एंगेल्सने १८४५ मध्ये लिहिले, की कोरड्या साणेवर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे असे.

या धुळीवर उपाय निघाला नव्हता असे नाही. १८२२ च्या सुमारास शेफील्डच्याच जे. एच. एब्राहम यांनी उडणारे पोलादाचे कण धरून ठेवणारे लोहचुंबकाचे साधन तयार केले आणि लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांचा गौरव केला. पण कारागिरांनी ते स्वीकारले नाही. धोका कमी झाला तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती. मजुरी टिकावी म्हणून आयुष्य पणाला लावण्याची पाळी माणसावर यावी, याहून मोठी विटंबना कोणती? शिवाय त्या साधनात एक मूळचे वैगुण्यही होते. चुंबक पोलाद धरतो, दगड धरीत नाही. आणि फुप्फुसांचा खरा नाश करीत होती ती साणेच्या दगडातील सिलिका. तेव्हा साधन असणे, ते योग्य असणे आणि ते प्रत्यक्ष चालू असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. इतिहासाचा हा धडा आपण पुढे लक्षात ठेवू.

योग्य साधन होते ते पंखा. धूळ उडते त्याच जागी ती ओढून नळीवाटे बाहेर टाकायची. अमेरिकेत बोस्टन येथे बेंजामिन स्टर्टेव्हंट या मूळच्या जोडे शिवणाऱ्या कारागिराने १८६० नंतरच्या दशकात यंत्राजवळील धूळ ओढणारे पंखे बनविण्याचा कारखानाच थाटला. इंग्लंडात १८६७ च्या कायद्याने साणेवर घासण्याच्या कामात पंखा बसविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कारखाना निरीक्षकाला मिळाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने हेच तत्त्व स्वीकारले : धूळ ओढणारे साधन तिच्या उगमाच्या शक्य तितके जवळ हवे.

लाकडाची धूळ मात्र दीर्घकाळ निरुपद्रवी समजली गेली. हा समज मोडला तो इंग्लंडातील हाय विकम या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या परिसरात. तेथील फर्निचर कारागिरांत नाकाच्या आतील भागाचा दुर्मीळ कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळतो, हे ॲचिसन, हॅडफील्ड आदी डॉक्टरांनी १९६८ मध्ये सप्रमाण दाखविले. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्ककारक ठरविली.

आता एक साधा हिशेब पाहा. स्थिर हवेत दहा मायक्रॉन व्यासाचा कण एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला सुमारे आठ तास लागतात. करवत थांबली, दिवा मालवला, तरी ही बारीक धूळ रात्रभर तरंगत राहते. उगमाजवळच्या नळीतून जे निसटते ते गाळण्यासाठी छताची पेटी. म्हणूनच तिला वेळ मोजणारे नियंत्रण लागते : माणूस निघून गेल्यावरही तिने एक-दोन तास चालावे आणि मग आपोआप थांबावे.

पंख्याला पूर्वी साधा खटका असे. १९७२ मध्ये ५५५ नावाची कालमापक चिप बाजारात आली. पुढे सूक्ष्म नियंत्रक स्वस्त झाले आणि वेग, वेळ, दूरनियंत्रण सारे एका तळहाताएवढ्या बोर्डावर आले. सोय झाली, यात शंका नाही. पण पूर्वी पंख्याचा पट्टा तुटला तर तो सर्वांना दिसे. आता दिवा लागतो, बटण दाबले की आवाज येतो, आणि पंखा मात्र फिरत नाही. किंवा आतला रिले नुसता टिकटिक करीत बसतो.

याचे कारण बहुधा गूढ नसते. अशा अनेक बोर्डांत खर्च वाचविण्यासाठी ट्रान्सफॉर्मर न घालता २३० व्होल्टचा दाब एका चौकोनी कपॅसिटरच्या आधारे उतरविलेला असतो. आपले कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात. विजेच्या प्रत्येक झटक्याने त्याच्या आतील धातूच्या पातळ थराचा एक ठिपका जळतो. कंडेन्सर फुटत नाही, पण त्याची धारकता वर्षानुवर्षे झिजत जाते. अखेरीस दिव्यापुरती वीज मिळते, रिले ओढून धरण्यापुरती मिळत नाही. रिले चिकटतो, दाब घसरतो, रिले सुटतो, दाब पुन्हा चढतो. हीच ती टिकटिक.

दुरुस्तीला क्रम असावा. प्रथम गाळण्या पाहाव्यात. त्या तुंबल्या तर काही यंत्रांत मोटार तापून तिचे संरक्षक खटके सुटतात आणि दोष उगाच बोर्डाच्या माथी येतो. मोटार गुणगुणते पण फिरत नसेल, तर तिचा स्वतःचा कंडेन्सर तपासावा. मगच बोर्ड उघडावा, तोही प्लग काढून आणि साठलेला भार उतरवून. अशा बोर्डावरील पाच व्होल्टची बाजूही मुख्य विजेशी जोडलेली असते, म्हणून अजाणत्याने तिला हात लावू नये. जाणत्याने जुन्या कंडेन्सरची धारकता मोजावी आणि तितक्याच धारकतेचा, एक्स-२ वर्गाचा, तितकाच दाब सोसणारा नवा सोल्डर करावा. चिपच गेली असेल, तर वेगांसाठी तीन टप्प्यांचा, मोटारीचा भार पेलणारा खटका जाणत्या वायरमनकडून बसवून घेता येतो. वेळ मोजण्याची सोय जाईल, पण हवा गाळली जाईल.

पेटी बंद पडली म्हणून करवत थांबत नाही, ही यातील खरी गोम आहे. करवत बिघडली तर मालक त्याच दिवशी माणूस बोलावतो, कारण उत्पादन अडते. पेटी बिघडली तर काहीच अडत नाही. फक्त धूळ वाढते, आणि धुळीचा हिशेब वीस-तीस वर्षांनी, तोही कारागिराच्या शरीरात होतो. त्यातून नवा बोर्ड मिळत नाही, नकाशा मिळत नाही, म्हणून पेटी अडगळीत जाते.

जगभर दुरुस्तीच्या हक्काची जी मागणी पुढे आली, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देश काढला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. ही चळवळ फोन आणि मोटारींपुरती राहू नये. ज्या यंत्रावर माणसाचा श्वास अवलंबून आहे, त्याचा नकाशा आणि सुटे भाग तर सर्वांआधी मिळाले पाहिजेत.

शेफील्डच्या कारागिराने संरक्षण नाकारले ते पोटासाठी. आजच्या कारागिराने ते नाकारलेले नाही. ते त्याच्या डोक्यावर बंद पडून टांगलेले आहे. आपल्या गावातील ज्या कारखान्यात अशी पेटी असेल, तेथे जाऊन ती चालते का, एवढे जरी आपण विचारले, तरी रामाझ्झिनीचा जुना प्रश्न आपण पुढे नेला असे होईल.