विंचवाचा दंश, हृदय आणि एक अर्धे लक्षण

कोकणात विंचू चावणे ही नवलाची गोष्ट नव्हे. जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या राशीत, पेंढ्याखाली तो असतोच. बहुधा दिवसभर ठणका लागतो नि मग उतरतो. त्यामुळे विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाला यशही भरपूर मिळे! लाल विंचवाची गोष्ट मात्र वेगळी. रत्नागिरी-रायगड पट्ट्यात त्याच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पोलादपूरपुढचा कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो, म्हणजे विंचवाचा मुलूख एकच. रुग्णांना धाप लागे, तोंडाला गुलाबी फेस येई. बावस्कर त्यांच्या उशाशी बसून नोंदी करीत राहिले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हृदयावरील संकटाची पूर्वसूचना देणारी लक्षणे मांडली : ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि शिश्नाचा ताठरपणा.

हे घडते कसे? विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांवरील सोडियमची दारे नीट मिटत नाहीत. तंतू सतत उद्दीपित राहतात आणि अॅड्रिनॅलिन, नॉरअॅड्रिनॅलिन यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाला या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलावे लागते. ते थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. म्हणजे हृदयावरचा मोठा घाव आपल्याच शरीराने घातलेला असतो. हे ध्यानात आल्यावर बावस्करांनी प्राझोसिन वापरले. रक्तदाबावरची ही साधी गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते. १९८६ साली त्याचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये आला. गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा ३०च्या घरात असलेले मृत्यू या उपचाराने सुमारे एकावर आले. खेड्यातल्या दवाखान्यात हे साधले, हे मला विशेष वाटते.

आता लक्षणांची यादी पुन्हा पाहा. चौथे लक्षण पुरुषांत आणि मुलग्यांतच दिसणार. मुलगी किंवा बाई आली, तर डॉक्टरांना घाम, ओकारी आणि गार हातपायांवरच भिस्त ठेवावी लागते. एकाच विषाची खूण अर्ध्या रुग्णांत वाचताच येत नाही.

फरक केवळ खुणेचा आहे, की हृदयाचाही? अॅड्रिनॅलिनच्याच पुराशी जोडला जाणारा दुसरा विकार १९९० साली जपानी डॉक्टरांनी वर्णिला. जबर धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो. आकार अष्टपाद पकडण्याच्या मडक्यासारखा, म्हणून नाव 'टाकोत्सुबो'. विंचूदंशानंतरही असे हृदय आढळल्याच्या काही नोंदी आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १,७५० रुग्णांच्या पाहणीत शेकडा ९० स्त्रिया होत्या, बहुतेक पाळी थांबलेल्या. पुरुषांत हा विकार विरळा. पण त्यांच्यात तो बऱ्याचदा गंभीर आजार वा शस्त्रक्रियेमागून येतो आणि मृत्यूही अधिक होतात.

मग पाळी थांबण्याशी काय संबंध? संशय इस्ट्रोजेनवर आहे. जपानमध्ये अंडाशय काढलेल्या मादी उंदरांना जखडून ठेवले, तेव्हा त्यांच्या हृदयाचे आकुंचन बिघडले. ज्यांना इस्ट्रोजेन दिले होते, त्यांच्यात ते कमी बिघडले. माणसाबाबत मात्र हा संशय अजून संशयच आहे.