चिकटवहीचे पान वाचताना

आमच्या घरातल्या सर्वांत जुन्या अल्बमची पाने काळी आणि जाड आहेत. दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला बटर पेपर आहे, प्रत्येक फोटोच्या चार टोकांना कागदी कॉर्नर आहेत आणि खाली पांढऱ्या शाईने, आत्याच्या अक्षरात, गावांची नावे व साले. सातव्या पानावर एके ठिकाणी कॉर्नर चारही शाबूत आहेत, 'महाबळेश्वर, मे १९६१' असे लिहिलेलेही आहे, पण मधे फोटो नाही. लहानपणी विचारले तेव्हा आत्या म्हणाली, "पडला असेल कुठेतरी." तेवढ्यावर माझे समाधान झाले होते.

चिकटवही हा शब्द आपण शाळेत शिकलो. पक्षी, फळे, राष्ट्रपुरुष, दहापैकी गुण, आणि रविवारी रात्री अकरा वाजता मूल झोपल्यावर आईने पुरी केलेली शेवटची चार पाने. त्यामुळे या शब्दाला मराठीत थोडा पोरखेळाचा वास आहे. घरचे फोटो निवडणे, कापणे, जुळवणे, त्यांच्याशेजारी लग्नपत्रिकेचा कोपरा नाहीतर एसटीचे तिकीट लावणे, खाली दोन ओळी लिहिणे हे काम अभ्यासाचा विषय होऊ शकते, असे म्हटले की समोरचा माणूस आधी हसतो. ज्यांना हसू आले असेल त्यांचेही या प्रांतात स्वागत आहे. आत आल्यावर त्यांना एकच सवय लावून घ्यायची आहे. फोटो पाहण्याआधी पान पाहायचे. कोणाशेजारी कोण आहे, कोणाचा फोटो मोठा आहे, कुठे कात्री चालली आहे, कुठे जागा सोडली आहे. फोटो काढणारा बहुधा पैसे घेऊन निघून गेलेला असतो; पान रचणारी व्यक्ती घरातली असते आणि तिला काहीतरी म्हणायचे असते.

या हस्तकलेचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान छबी घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. फोटो स्वस्त झाला, भेटकार्डाएवढा झाला आणि लोक एकमेकांना फोटो वाटू लागले. घरात फोटोंचा ढीग झाला की अल्बम येणारच. १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या वरच्या वर्गातल्या स्त्रियांनी या ढिगाचे जे केले ते आजही थक्क करते. त्यांनी आप्तांची डोकी कापली, जलरंगात रंगवलेल्या दृश्यांत चिकटवली. लेडी फिल्मर यांच्या अल्बममध्ये रंगवलेल्या दिवाणखान्यात कापलेली माणसे उभी आहेत आणि त्यांत खुद्द युवराज आहेत. केट गॉफ यांच्या अल्बममधली बदके तर माणसांची तोंडे घेऊन पोहतात. सासरच्या कोणाचे डोके कोणत्या बदकाला बसवले असेल, याचा विचार करत मी बराच वेळ त्या पानापाशी रेंगाळलो आहे. कलेच्या इतिहासात कोलाजची सुरुवात पिकासो आणि ब्राक यांच्यापासून, १९१२ च्या सुमारास, सांगण्याचा प्रघात होता. या बायकांनी ते अर्धशतक आधी केले होते, पण दिवाणखान्यात बसून केले, म्हणून ते 'विरंगुळा' ठरले. २००९ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने या अल्बमांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे त्यांना भिंत मिळाली.

ही कथा केवळ विलायतेची नाही. फोटोग्राफिक सोसायटी मुंबईतही १८५४ सालीच स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी छायाचित्रकार त्या काळात शहरात काम करत होते. कापाकापीचे आपले उत्तम उदाहरण मात्र स्टुडिओतले नाही, देवळाच्या गावातले आहे. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे चित्रकार श्रीनाथजींसमोर हात जोडून उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाचे चित्र काढून देत. त्याला मनोरथ म्हणतात. देव, त्यामागचा पिछवाईचा पडदा, दागिने, अंगरखे सगळे हाताने रंगवलेले. चेहरे तेवढे फोटोतून कापून चिकटवलेले आणि सांधा दिसू नये म्हणून वरून रंगाचा हात फिरवलेला. जे दर्शन एरवी क्षणभराचे, ते भिंतीवर कायमचे व्हावे ही त्यामागची इच्छा. इंग्रज बाई कात्रीने आप्तांची थट्टा करत होती, नाथद्वाऱ्याचा चितारी त्याच कात्रीने त्यांना देवापुढे उभे करत होता. आपल्याकडे फोटोला हार घालतात, कुंकू लावतात. तेव्हा फोटो हा नुसता पाहायचा कागद नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आपल्या काळात विवान सुंदरम यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो संगणकावर एकमेकांत मिसळून 'रिटेक ऑफ अमृता' ही मालिका केली. पॅरिस आणि सिमला, तरुण चित्रकार अमृता शेरगिल आणि तिचे म्हातारे वडील उमरावसिंग एकाच चौकटीत येतात. जे प्रत्यक्षात एकत्र कधी नव्हते ते एकत्र आणले की कुटुंबाविषयी काही नवे कळते, आणि थोडे अस्वस्थही व्हायला होते. घरगुती चिकटवहीतही हेच घडते, फक्त तिच्यावर समीक्षा लिहिली जात नाही.

आज 'स्क्रॅपबुकिंग' म्हणून जो छंद जगभर पसरला आहे त्याचे अलीकडचे मूळ अमेरिकेतल्या युटा राज्यात सापडते. मॉर्मन समाजात वंशावळ जपणे हे धर्मकर्तव्यच, आणि त्याच वातावरणात मॅरिलेन ख्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे अल्बम १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या अभिलेखविषयक जागतिक परिषदेत मांडले. पुढे त्यातून मोठा बाजार उभा राहिला: छापील फुलांचे कागद, स्टिकर, फिती, नक्षीच्या कात्र्या. त्या बाजाराबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. सजावट इतकी होते की आजी शोधावी लागते. पण एक उपकार मानायला हवा. आम्लरहित कागद हा शब्द त्या छंदामुळे संग्रहालयातून निघून घराघरांत गेला.

इथे थोडे थांबून बोलायला हवे, कारण हौसेने सर्वाधिक नुकसान होते ते याच ठिकाणी. स्वस्त कागदातले लिग्निन आणि आम्ल काळाबरोबर फोटोला पिवळे करतात. बुकबाइंडरच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला ते ठीक असेल, फोटोला ती खळ लावू नये. १९७० च्या दशकातले रंगीत फोटो तांबूस का झाले? अनेक प्रिंटांत निळसर रंगद्रव्य आधी विटते आणि तांबडे मागे उरते. त्याच घरातले आजोबांचे कृष्णधवल फोटो मात्र ठणठणीत असतात, कारण तिथे रंग नाही, चांदी आहे. बॉलपेनने मागे नाव लिहिले की ते पुढून उठते. मऊ पेन्सिल वापरावी. आणि कापायचा असेल तर मूळ फोटो कधीच कापू नये; स्कॅन करावा, प्रिंट काढावा, मग त्याच्यावर वाटेल तशी कात्री चालवावी.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले नाही. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे चिकट पानांचा अल्बम आला. पारदर्शक प्लॅस्टिक उचलायचे, फोटो ठेवायचा, प्लॅस्टिक परत बसवायचे. ना डिंक, ना कॉर्नर. मी उत्साहाने काळ्या अल्बममधले तीस-चाळीस फोटो त्यात हलवले. वीस पावसाळ्यांनंतर पानांवर गोंदाचे तपकिरी पट्टे उमटले होते आणि फोटो निघायला तयार नव्हते. काही फोटो दात साफ करायचा बारीक दोरा मागून हळूहळू ओढत सोडवले, काही तसेच ठेवून पानाचाच फोटो काढला. आत्याने पन्नास वर्षांपूर्वी वापरलेले कागदी कॉर्नर हाच शहाणा उपाय होता. फोटोला काहीही चिकटत नाही, आणि मन बदलले तर तो काढून घेता येतो.

फोटोखालच्या ओळीविषयीही एक गोष्ट. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनींनी आपापल्या देशाच्या पोशाखात फोटो काढून घेतला. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघींची नावे फोटोखाली लिहिलेली आहेत. आनंदीबाईंना आपण कदाचित नावाविनाही ओळखले असते. उरलेल्या दोघींना आपण काय म्हटले असते?

अभ्यासकांनी या विषयाकडे वेगवेगळ्या दारांनी प्रवेश केला आहे. फ्रान्समध्ये पिएर बूर्दिए यांनी १९६५ च्या ग्रंथात घरगुती छायाचित्रण हा कुटुंब एकत्र आहे असे दाखवण्याचा विधी मानला. ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागद्यात स्टुडिओंचे आणि घरांतल्या फोटोंचे निरीक्षण करून १९९७ मध्ये 'कॅमेरा इंडिका' लिहिले. रोलां बार्थ यांनी आईच्या लहानपणीच्या एका फोटोवर जवळजवळ अर्धे पुस्तक उभे केले आणि तो फोटो मात्र छापला नाही. तुम्हाला तो साधाच वाटेल, असे त्यांचे म्हणणे. मला या सर्वांत बार्थ जवळचे वाटतात. त्यांनी मोकळी चौकट ठेवली.

मराठीत हे काम अजून बरेचसे करायचे आहे, आणि ते करायला पदवी लागत नाही. माळ्यावरची पेटी, मऊ पेन्सिल आणि घरातले सर्वांत वयस्क माणूस एवढे पुरे. पेटी उघडल्याबरोबर फोटो वेगळे करायला घेऊ नका. ज्या क्रमाने ते सापडतात तो क्रमही कोणीतरी लावलेला असतो. ज्यांचे चेहरे कापलेले दिसतील त्यांच्याबद्दल पहिल्याच दिवशी विचारू नका.

आत्याला मी सातव्या पानाबद्दल दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ती ऐंशीची होती. अल्बम तिच्या मांडीवर होता आणि ती बोटाने त्या चार कॉर्नरच्या आतली काळी जागा पुसत होती. तो फोटो एका स्थळाला पाठवला होता, म्हणाली. आजोबांनीच काढून पाकिटात घातला. "पत्रिका परत आली, फोटो नाही आला." निगेटिव्ह शोधून नवा प्रिंट तिथे लावू का, असे मी विचारले.

"नको," आत्या म्हणाली. "पुढचं पान उलट."