‘माउली’ : वारीतील एक संबोधन

पवनेच्या परिसरातील रहाटणी, पिंपरी, चिंचवड ही एकेकाळी शेतीवर जगणारी गावे होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे या टापूत निरनिराळ्या जिल्ह्यांतील माणसे पोटासाठी येऊन स्थिरावली. गाव, भावकी व बोली यांपैकी काहीच समान नसलेल्या माणसांना एकत्र आणणारे सूत्र कोणते, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे एक जुने उत्तर दरवर्षी ज्येष्ठ वद्य पक्षात जवळच्या आकुर्डीस मुक्कामाला येते. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी ते उत्तर होय.

या सोहळ्याचा आरंभ तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली केला, अशी परंपरा आहे. त्यात चालणाऱ्या दोन अनोळखी वारकऱ्यांची गाठ पडली की ते परस्परांच्या पायांना हात लावतात आणि एकमेकांस ‘माउली’ म्हणतात. ज्ञानेश्वरांना लावले जाणारे हे पद. त्याचे नाते प्राकृतातील मातृवाचक ‘माउ’ या शब्दाशी आहे. ते स्त्रीलिंगी असूनही पुरुषाला उद्देशून वापरले जाते. आडनाव, गाव व जात यांची विचारपूस या एका शब्दाने अनावश्यक ठरते. समोरच्यालाही आपल्यासारखीच विठ्ठलाची ओढ आहे, एवढी ओळख पुरते.

तथापि या ओळखीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. इरावती कर्वे यांनी वारीच्या अनुभवावर लिहिलेल्या लेखात, भजनात एकरूप होणाऱ्या सोबत्यांच्या पंगती मात्र जातीनुसार वेगळ्या बसत, हे खेदाने सांगितले. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर राहिली. अस्पृश्य मानलेल्यांना ते मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. वाटेवर ‘माउली’ ठरलेला मनुष्य दाराशी पुन्हा परका होत असे.

तात्पर्य, समान ओढ माणसांना एका वाटेवर आणते, परंतु एका पंगतीत बसवतेच असे नाही. तरीही संबोधन निरर्थक ठरत नाही. ज्याला रोज ‘माउली’ म्हणावयाचे, त्याला दाराबाहेर ठेवणे हे त्या शब्दाशीच विसंगत आहे. ती विसंगती दाखवून देण्याचे सामर्थ्य समूहाला त्याच्याच भाषेने दिले आहे.