वंगण कधी बदलावे? बैलगाडीच्या आखापासून पिकअपच्या गिअर बॉक्सपर्यंत

सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, वाई-कोरेगावकडचा भाजीपाला यांची ने-आण आज मुख्यत्वे लहान पिकअप गाड्यांतून होते. या गाड्यांच्या मालकांना नेहमी पडणारा प्रश्न असा, की गिअर बॉक्समधले ऑइल किती किलोमीटरनंतर बदलावे? उत्तर एका आकड्यात मिळावे, अशी आपली अपेक्षा असते. परंतु हा आकडा ठरतो कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आख आणि तुंबा यांच्यामध्ये घातलेले एरंडेल चाक फिरता फिरता गळून जाई व धुळीत मिसळे. मग गाडीखाली लटकवलेल्या वंगणाच्या नळ्यातून ते पुन्हा घालायचे. तेथे वंगण बदलावे लागत नव्हते, कारण ते संपतच असे. चाक कुरकुरू लागले की वंगण घालायचे, एवढेच वेळापत्रक. मोटेच्या चाकाचीही तीच गोष्ट. मात्र एरंडेलाच्या निवडीत अनुभवाचे शहाणपण होते. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलापेक्षा ते कित्येक पट दाट असते व धातूला चांगले चिकटून राहते. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच वापरले जाई, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. चार्ल्स वेकफील्ड यांच्या लंडनमधील कंपनीने 1909 साली आपल्या नव्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच.

वंगण नेमके काय करते, हे मात्र फार उशिरा कळले. 1883 साली इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांसाठी वापरल्या जाणाऱ्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. पण आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केले, तर खुंटीही बाहेर ढकलली गेली! दाबमापक जोडल्यावर दिसले, की तेथील दाब भारामुळे येणाऱ्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक होता. 1886 साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी याचे गणित मांडले. फिरणारी आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेते, तेथे दाब वाढतो आणि आस तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगते. धातू धातूला लागतच नाही. हा थर टिकण्यासाठी तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, योग्य असावा लागतो.

याच सुमारास आपल्या भागात लोखंडी यंत्रांचे युग सुरू होण्याच्या बेतात होते. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानच्या मदतीने कुंडल स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तेथून नांगर, उसाचे चरक आणि पुढे पंप शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. चरकाची एकमेकांत अडकणारी दाती चाके म्हणजे गिअरच. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1930 च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. (हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यास पंतप्रधान म्हणत.) पुढे कृष्णाकाठच्या मळ्यांतून मोटेची जागा इंजिनाने घेतली, तसे वंगणाचे गणितही बदलले. इंजिनाच्या तळपेटीतले तेल गळून न जाता तेच ते फिरत राहते. त्यात काजळी, जळणाचे अंश आणि आम्ले मिसळत जातात. म्हणजे तेल संपले नाही तरी निकामी होऊ शकते. ‘तेल बदलणे’ ही कल्पना येथे आली आणि मळ्यावरचे इंजिन जागचे हलत नसल्याने हिशेब तासांत होऊ लागला.

गिअर बॉक्सची स्थिती आणखी निराळी आहे. तेथे ज्वलन होत नाही, त्यामुळे काजळी नाही. म्हणूनच गिअर ऑइल इंजिन ऑइलपेक्षा पुष्कळ जास्त टिकते. पण दातांच्या टोकांवर दाब इतका प्रचंड असतो, की टॉवरने पाहिलेला तो थर फाटू शकतो. 1920 च्या दशकात मोटारींच्या मागील आसात नव्या घडणीचे, एकमेकांवर घासत फिरणारे गिअर आले, तेव्हा नुसते खनिज तेल अपुरे पडू लागले. मग तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळण्यात आली. दाब व उष्णता वाढताच ती धातूशी संयोग पावून पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा तयार करतात. हीच संयुगे जास्त प्रमाणात असली, तर गिअर बॉक्समधील पितळी कड्यांना अपायकारक ठरू शकतात. म्हणून मागील आसाचे ऑइल गिअर बॉक्समध्ये घालण्यापूर्वी पुस्तिका पाहावी लागते. अमेरिकेतील स्वयंचलित गिअर बॉक्सच्या द्रवात तर स्पर्म देवमाशाच्या तेलापासून केलेले द्रव्य घालीत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीस तेथे या तेलावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गिअर ऑइल तीन कारणांनी जुने होते: उष्णतेमुळे ऑक्सिजनशी संयोग होऊन, धातूचा कीस मिसळून आणि पाणी शिरून. पहिल्या कारणासाठी एक ढोबळ नियम आहे. ठरावीक मर्यादेपुढे तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले, की तेलाचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे 30 अंश वाढले तर निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, एक अष्टमांश! सपाट रस्त्यावर बेताच्या भाराने धावणारी गाडी आणि भरल्या मालाने खंबाटकी किंवा कुंभार्ली घाट चढणारी गाडी, या दोघींचे किलोमीटर सारखे असले तरी त्यांच्या तेलांचे वय सारखे नसते. उतारावरही खालच्या गिअरमध्ये गाडी रोखून धरताना दातांवर भार असतोच. म्हणूनच अनेक पुस्तिकांत नेहमीच्या वापरासाठी एक आणि कष्टाच्या वापरासाठी दुसरा, कमी आकडा असतो. घाटातली, मालाने भरलेली गाडी दुसऱ्या वर्गात मोडते.

पाण्याचा धडा सांगलीने 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत घेतला. बुडालेल्या गाडीच्या गिअर बॉक्समध्ये हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून पाणी शिरू शकते. तेल दुधाळ होते, थर टिकत नाही आणि बेअरिंग गंजतात. अशा वेळी किलोमीटरचा हिशेब करीत बसू नये. गाडी चालू न करता आधी तेल तपासावे आणि पाणी शिरलेले दिसले तर लगेच बदलावे.

हा विषय वर्गात सहज नेता येईल. जवळच्या गॅरेजमधून नवे व वापरलेले गिअर ऑइल थोडे थोडे आणावे. दोन सारख्या नळ्यांत ते भरून सारख्याच आकाराच्या छर्ऱ्यांना तळाशी पोहोचायला किती सेकंद लागतात, ते मोजावे. वापरलेल्या तेलात कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवून कागदावर कीस जमतो का, ते पाहावे. हातमोजे घालावेत आणि उरलेले तेल गॅरेजला परत द्यावे. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते ओढ्यात ओतले तर कृष्णेलाच मिळणार, आणि गोळा करून दिले तर शुद्ध होऊन पुन्हा वंगणच होऊ शकते.

आखाची कुरकुर ऐकून वंगण घालणारा गाडीवान यंत्राच्या अवस्थेकडे लक्ष ठेवून होता. पुस्तिकेतला आकडा हवाच, पण त्याच्या जोडीला भार, उष्णता आणि पाणी यांवर नजरही हवी. असे दोन्ही जमले, तर ऐन हंगामात माल भरलेली गाडी घाटात बंद पडून शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे नुकसान होणे पुष्कळ अंशी टळेल.