धनिकांवरील कर : आला कसा, गेला कसा

निवडणुका जवळ आल्या की श्रीमंतांकडून अधिक घ्यावे आणि कष्टकऱ्यांना द्यावे, ही भाषा व्यासपीठांवरून ऐकू येते. मतमोजणी आटोपली की ती विरते. एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात वारसा कराचा विषय अचानक निघाला, तेव्हा एका पक्षाने त्याची भीती घातली आणि दुसऱ्याने तो आपला विचारच नसल्याचे सांगून अंग काढून घेतले. हा कर देशात तब्बल ३१ वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात होता, हे त्या गदारोळात फारसे कोणी सांगितले नाही. त्या इतिहासाचा आणि आजच्या स्थितीचा हा आढावा.

तीन कर, तीन स्वरूपे

धनिकांवरील कर म्हणजे ढोबळमानाने तीन कर. मिळकतीबरोबर दर वाढत जाणारा आयकर, साठलेल्या मालमत्तेवर दरवर्षी बसणारा संपत्ती कर आणि मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरील मृत्युकर. यांपैकी पहिला भारतात आजही आहे. उरलेले दोन्ही आले आणि गेले.

त्यांचा वैचारिक आधार राज्यघटनेतच सापडतो. मार्गदर्शक तत्त्वांतील अनुच्छेद ३८ विषमता कमी करण्याचे, अनुच्छेद ३९ संपत्तीचे केंद्रीकरण टाळण्याचे आणि अनुच्छेद ४३ कामगाराला निर्वाह वेतन मिळवून देण्याचे उद्दिष्ट राज्यसंस्थेपुढे ठेवतो. राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांतील विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता.

मृत्युकर : १९५३ ते १९८५

चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना मृत्युकराचा कायदा झाला आणि १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अमलात आला. पुढे त्याचा कमाल दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. कागदावर हा दर जबर होता, पण तिजोरीत पडणारी रक्कम नगण्य राहिली. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अर्थसंकल्पात हा कर रद्द केला, तेव्हा त्याचे वार्षिक उत्पन्न सुमारे २० कोटी रुपये होते आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त होता. कर आणणारे सरकार काँग्रेसचे आणि घालवणारेही काँग्रेसचेच.

संपत्ती कर : १९५७ ते २०१५

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. केवळ मिळकत पाहून माणसाची कर देण्याची ऐपत कळत नाही. संपत्ती, खर्च आणि देणगी यांवरही कर हवा, म्हणजे एका नोंदीवरून दुसरीची पडताळणी होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यानुसार अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७ मध्ये संपत्ती कर आणला. व्यक्तीच्या २ लाख रुपयांवरील निव्वळ संपत्तीवर अर्धा ते दीड टक्का, असे त्याचे आरंभीचे दर होते.

पुढच्या काळात दर वाढत गेले. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. एवढा दर प्रामाणिक माणसालाही चोरवाटेकडे ढकलतो, असे वांच्छू समितीने त्याआधीच बजावले होते. नंतर दर उतरले, परंतु कराचा पाया मात्र पोकळ झाला. १९९३ पासून संपत्ती कर ‘अनुत्पादक’ मालमत्तेपुरता उरला. दागिने, मोटारी, नौका, शहरी जमीन, जादा घर यांवर कर होता. शेअर आणि बँकेतील ठेवी त्यातून वगळल्या गेल्या. मोठ्या धनिकांची संपत्ती मुख्यतः शेअरमध्ये असते. त्यामुळे उद्योगपतीचे भागभांडवल बाहेर आणि मध्यमवर्गीयाचे दुसरे घर आत, असा उलटा न्याय सुरू झाला.

२०१३-१४ मध्ये या कराची देशभरातील वसुली १,००८ कोटी रुपये होती. अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला आणि त्याऐवजी १ कोटीहून अधिक उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावला. त्यातून ९,००० कोटी मिळतील, असा अंदाज होता. हिशेब सरकारच्या दृष्टीने बरोबर होता, पण कराची जात बदलली होती. संपत्ती कितीही वाढली तरी ती विकून मिळकत दाखवेपर्यंत तिच्यावर कर नाही, अशी स्थिती तेव्हापासून आहे.

राज्यांच्या पदरी काय?

या इतिहासाचा एक पैलू लहान राज्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. मृत्युकराचे निव्वळ उत्पन्न घटनेनुसार राज्यांना जात असे. संपत्ती कर २००० मधील ८० व्या घटनादुरुस्तीनंतर केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटल्या जाणाऱ्या करांत मोडत होता. त्याच्या जागी आलेला अधिभार मात्र सर्वस्वी केंद्राचा असतो. अधिभार आणि उपकर यांत राज्यांना वाटा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांसाठी ४१ टक्के वाटा ठरवला आणि त्यात गोव्याच्या वाट्याला ०.३८६ टक्के आले. हे प्रमाण वाटपयोग्य करांवरच लागू होते. अतिश्रीमंतांकडून अधिभाराच्या रूपाने घेतलेला पैसा पणजीला या मार्गाने पोहोचत नाही.

याउलट कंपनी कर वाटपयोग्य आहे. म्हणून त्यातील कपातीचा भार राज्येही उचलतात. ती कपात जाहीर झाली तीही पणजीतच. २० सप्टेंबर २०१९ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्के आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के केला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता.

कामगाराच्या बाजूने पाहता

या सवलतीला वेतनवाढीची किंवा नव्या भरतीची अट नव्हती. गुंतवणूक वाढली की रोजगार आपोआप येतील, ही अपेक्षा होती. केंद्राच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने नोंदवले की २०२३-२४ मध्ये मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर त्यांच्यातील रोजगार अवघा १.५ टक्क्याने.

नोकरदाराचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो आणि त्याचा सर्वोच्च दर ३० टक्के आहे. वर्षभराहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर, सव्वा लाखाच्या सूटमर्यादेनंतर, १२.५ टक्के कर लागतो. आयकराच्या कक्षेत न येणारा रोजंदारीचा मजूरही करमुक्त नसतो. साबण, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज यांवर तो वस्तू व सेवा कर भरतच असतो. केंद्राने सुचवलेले किमान पायाभूत वेतन २०१९ पासून दिवसाला १७८ रुपयांवर थांबले होते आणि तेही राज्यांवर बंधनकारक नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी पायाभूत वेतनाला कायद्याचा आधार दिला, पण सरकारी परवानगीविना कामगार कपात करण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. वेर्णा किंवा कुंडईच्या वसाहतींतील कंत्राटी कामगाराने या दोन्ही बाजू एकत्र वाचायला हव्यात.

वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या मार्च २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता.

गोव्याचे वेगळेपण

मुक्तीनंतर १ एप्रिल १९६३ पासून केंद्रीय प्रत्यक्ष कर गोव्याला लागू झाले. येथील नागरी संहितेनुसार पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायद्याने ५अ या कलमाद्वारे ही रीत मान्य केली असून पगार वगळता अन्य उत्पन्न दोघांत समसमान विभागले जाते. घरभाडे, धंदा किंवा गुंतवणूक यांचे मोठे उत्पन्न असणाऱ्या जोडप्याला त्याचा लाभ होतो. निव्वळ पगारावर जगणाऱ्याला तो होत नाही.

विश्वास का उडतो?

संपत्ती कर आणणाऱ्या कृष्णम्माचारींनाच फेब्रुवारी १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणामुळे राजीनामा द्यावा लागला. एका उद्योगपतीच्या कंपन्यांत आयुर्विमा महामंडळाचा पैसा कसा गेला, याची चौकशी न्यायमूर्ती छागला यांनी उघड सुनावणी घेऊन महिन्याभरात संपवली होती. आजच्या वाचकाला त्या वेगाचेच आश्चर्य वाटेल.

त्यानंतर पैशाची वाट अधिक गुळगुळीत झाली. २०१७ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा काढली गेली आणि २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवणारी ही योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. ज्यांच्यावर कर लावायचा त्यांच्याच देणगीवर प्रचार चालत असेल, तर करधोरण कोणासाठी आखले जाते, हा प्रश्न सामान्य माणसाला पडणारच.

गोव्यात या शंकेला आणखी एक कारण आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ८ आमदार भाजपमध्ये गेले. दुसऱ्या गटातील आमदारांनी तर निवडणुकीपूर्वी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेतली होती. ज्या जाहीरनाम्यावर मत दिले तो पाच वर्षे टिकेल याची खात्री नसेल, तर त्यातील करन्यायाच्या ओळीला किती किंमत द्यायची?

जुन्या करांच्या अपयशातून निघणारे धडे मात्र स्पष्ट आहेत. अवाच्या सवा दर वसुली वाढवत नाही. पळवाटा ठेवलेला कर मध्यमवर्गावर घसरतो. आणि राज्यांना वाटा नसलेला कर राज्यांतील कामगारापर्यंत पोहोचत नाही. नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि स्पेन येथे संपत्ती कर आजही चालू आहे. म्हणजे तो मुळातच अशक्य नाही. दारात मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला म्हणून तीन प्रश्न विचारता येतील. कर कोणत्या मालमत्तेवर? त्यातले राज्याला किती? आणि आपल्या पक्षाला देणग्या कोणाच्या?